एका अंगणाचं राष्ट्र

समस्त वाचकांना अत्यंत गंभीर मनानं कळवण्यात येतं की, जोयडा तालुक्यातल्या एकमेव स्वतंत्र राष्ट्राचे अध्यक्ष नुकतेच वारले. राष्ट्राचं क्षेत्रफळ : एक अंगण. लोकसंख्या : अध्यक्ष, त्यांची बायको आणि एक शेळी. अध्यक्षांचं नाव इमामसाब सिद्दी. कुंभारवाड्याच्या वाटेवरचा जीपवाला, माझा मित्र.

सिद्दी म्हणजे गोव्यातून पळून आमच्या रानात आलेल्या आफ्रिकी गुलामांची लेकरं. एकदा माझ्या चहाच्या हॉटेलात हुबळीचा एक पाहुणा सांगत होता, की पूर्वी अमेरिकेत काही काळ्या लोकांनी इस्लाम धरला, मालकांची आडनावं टाकली, गोऱ्यांपासून वेगळी भूमी मागितली... इमामसाबचा चहा निवून गेला. "आमाला मालकांनी आडनाव बी दिलं न्हाई, टाकू काय?" म्हणत हसला खरा, पण डोळे पेटले होते. दुसऱ्याच दिवशी त्यानं अंगणाला कुंपण घातलं. आत फक्त मुसलमान सिद्दी!

अडचण एकच. थोरली बहीण बीबीअक्का हिंदू सिद्द्यांच्या घरी दिलेली, कपाळाला ठसठशीत कुंकू. सिद्द्यांत हे नवल नव्हे; हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे एकाच दमामवर नाचतात. दमाम म्हणजे दोन्ही तोंडांना कातडं चढवलेला त्यांचा ढोल. वडिलांनी केलेला दमाम इमामसाबच्या पडवीत टांगलेला असे. अक्का कुंपणापाशी आली आणि कमरेची कोयती काढून भावापुढं धरली.

"एका तोंडाचं कातडं तुझं, दुसऱ्याचं माझं. काप मधनं!"

तो दमामकडं बघत राहिला... तिकडं अमेरिकेत धर्म धरून विखुरलेली माणसं जवळ आली होती; इथं तसंच करायला जावं, तर सख्खी बहीणच बाहेर राहत होती. संध्याकाळी कोयती चालली, ती कुंपणावर.

राष्ट्र मात्र त्यानं मोडलं नाही. नमाजही चुकवला नाही. नवी घटना एवढीच : सिद्दी तेवढा आत.

"आणि मी रे?" मी विचारलं.

"तू परराष्ट्र. चा घिऊन ये."

"झेंडा कुठाय तुझा?"

त्यानं दमाम दाखवला. "झेंडा नुसता फडफडतोय. ह्यो माणसं बोलावतोय."

परवा चाळिसाव्या दिवसाचा फातिहा पढून झाला. जेवणं उरकली. तिन्ही धर्मांचे सिद्दी अंगणात बसलेले. प्रत्येकाची नजर पडवीतल्या दमामवर जायची आणि खाली यायची. दुखवट्याच्या घरी हात लावावा की नाही... शेवटी बीबीअक्कालाच राहवलं नाही :

"अध्यक्ष गेला न्हवं? मग झेंडा उतरवा की रं... अन् वाजवा!"