काळ्या खडकापर्यंतची बोट

भोंगा वाजला की झुंबरचे पाय वर जातात. स्टुलावर बसला असेल तर स्टुलाच्या दांडीवर, उभा असेल तर जवळच्या पायरीवर. मसाटच्या एका सूत कारखान्यात तो यंत्रांच्या जळालेल्या मोटारींच्या तारा काढून नव्या भरतो. सुरुवातीला खात्यातले लोक हसायचे. "काय झुंबरभाऊ, पाणी आलं का?" मग कुणीतरी त्यांना सगळं सांगितलं आणि हसणं थांबलं. पाय मात्र अजून वर जातात.

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदातल्या उघडिपीत तो आणि त्याचा धाकटा भाऊ समाधान राखोलीला दमणगंगेवर अंघोळीला गेले होते. समाधान पोहत जाऊन मधल्या काळ्या खडकावर बसला. तेवढ्यात भोंगा वाजला.

"दादा, ड्यूटी!" समाधान तिथून ओरडला.

"वाजू दे," झुंबर हसून म्हणाला. "आज आपली सुटी."

दोघांच्याही कानांना भोंगा म्हणजे पाळी, एवढंच माहीत होतं. तो भोंगा धरणातून पाणी सोडल्याचा होता. पाणी चढलं तेव्हा समाधान खडकावर उभा राहून हात हलवत होता, आणि झुंबरला वाटलं, चेष्टा करतोय. त्यानेही हात हलवला.

समाधान सापडला तो दोन दिवसांनी, बराच खाली.

त्यांची आई भिमाबाई दर वर्षी तिथीला पारोळ्याहून येते आणि द्रोणात दिवा लावून नदीत सोडते. दोन्ही वर्षी दिवा थोडा आत गेला, भोवऱ्यात फिरला आणि पुन्हा काठाच्या पायऱ्यांना येऊन टेकला. भाद्रपदातल्या त्या धारेत होडी घालायला कुणी तयार होत नाही.

"घेऊन नाही राहिला रे भाऊ," गेल्या वर्षी ती म्हणाली. "कोणावर तरी रागावला तो." मग गुडघे चोळत पुढे म्हणाली, "अजून एक खेप येईन. मग माझ्याच्यानं नाही होणार."

कोणावर, ते झुंबरला ठाऊक होतं. 'वाजू दे' हे दोन शब्द त्याने आजवर कुणालाही सांगितले नव्हते.

दिवा काळ्या खडकापर्यंत नेईल अशी रिमोटवरची छोटी बोट त्याने करायला घेतली. थर्माकोल कापून वर फायबरचा थर दिला, लांबी हातभर. मधोमध दिव्यासाठी खळगा, वाऱ्यासाठी काचेची चिमणी. राहिलं विजेचं सामान. त्यासाठी तो सिल्वासात भावेशच्या दुकानात गेला. भावेश टीव्ही-मोबाइल दुरुस्त करायचा आणि खेळण्यातली विमानं, गाड्या मागवून द्यायचा.

"मोटार ही दे," झुंबरने सगळ्यात जाड मोटार उचलली. कारखान्याचा नियमच तो: लागते त्याहून एक नंबर मोठी बसवा, म्हणजे तापत नाही.

"झुंबरभाई, बोट बनवताय की पिठाची गिरणी?"

"तू दे ना भो."

घरी मोटार हवेत फिरवली तेव्हा ती चार अँपिअर घेत होती. पाण्याच्या पिंपात पंखा बुडवल्याबरोबर मीटर सव्वीसवर गेला, आणि मोटारीचा वेग सांभाळणारी वीस अँपिअरची चकती धूर सोडून गेली. पाणी किती जोर लावतं याचा अंदाज याही वेळी चुकला, हे त्याच्या मनात आलं आणि त्याने पंखा पाण्यातून काढला.

दुसऱ्या दिवशी त्याने लहान मोटार घेतली, लहान पंखा घेतला. आता पाण्यात नऊ अँपिअर. चकती नवी, पण वीसचीच घेतली. बॅटरी वजनदार घेतली, ती तळाशी बसवली म्हणजे बोट कलंडणार नाही. दांडा बाहेर निघतो त्या नळीत ग्रीस भरलं. सुकाणूची छोटी मोटार, रिमोटचा संदेश घेणारी पट्टी, सगळं जमलं. पट्टी जोडून देताना भावेशने विचारलं, "सिग्नल तुटला तर काय करायचं? मोटार बंद, की शेवटचा हुकूम चालू ठेवायचा?"

"बंद." उत्तर आपोआप आलं. तार तुटली की यंत्र थांबलंच पाहिजे. वीस वर्षं तो हेच करत आला होता.

दारापर्यंत जाऊन तो परत फिरला.

"थांबली तर काठालाच येईल," तो म्हणाला. "चालू ठेव."

"मग बोट गेली हां. परत नाही येणार."

"नको येऊ दे."

तिथीच्या दिवशी चारच्या सुमाराला भिमाबाई पायऱ्यांवर बसली. तिने दिवा लावला, चिमणी बसवली आणि बोटीकडे संशयाने पाहिलं.

"हे पोहतं का?"

"पोहतं."

भोवऱ्यात बोट एकदा गरकन फिरली. झुंबरने सुकाणू वळवलं, जोर वाढवला. ती बाहेर निघाली. काळ्या खडकाचं टोक तेवढं पाण्यावर दिसत होतं. बोट निम्म्या वाटेवर असताना भोंगा वाजला.

झुंबरचे पाय उचलले गेले. कारखान्याचा असेल, धरणाचा असेल. हातात रिमोट होता आणि बोट अजून पोचली नव्हती. त्याने नाक खडकाकडे धरलं, जोर पुरता केला आणि रिमोट बंद करून पायरीवर टाकला. दोन्ही काखांत हात घालून त्याने आईला उचललं.

"अरे, दिवा—"

"चल आधी. वर चल."

वरच्या पायऱ्यांवर पोचून दोघांनी मागे पाहिलं. पाणी होतं तिथेच होतं. बोट कुणीही चालवत नसताना सरळ चालली होती. दिवा खडकाशी पोचला, हलला, पलीकडे गेला. ती दोघं वाट पाहत राहिली. तो परत आला नाही.

"कसला रे भोंगा होता?" भिमाबाईने धापा टाकत विचारलं.

"माहीत नाही." झुंबर नदीकडेच पाहत होता. "त्या दिवशीही वाजला होता आई. तो खडकावर होता. मी त्याला म्हणालो, वाजू दे."

भिमाबाई पायरीवर बसली. तिने आपले पाय उचलून आणखी एक पायरी वर घेतले, आणि त्याच्यासाठी शेजारची जागा पदराने पुसली.