फिटमावशीची सही

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत तिला सगळे फिटमावशी म्हणत. का म्हणणार नाहीत? दिवसभर बाईच्या तोंडी तोच शब्द. खिडकी नीट लागली, फिट. नवी सून घरात रुळली, फिट. एखादी गोष्ट डोक्यात शिरली, की तीही फिट बसली. शेजारचा तापातून उठला तर तो फिट, आणि झटका येऊन पडला तर त्याला फिट आली. पायाच्या कागदावर मात्र हा शब्द लिहायला मावशी महाकंजूष.

त्या दिवशी नवा पाय लावलेला पोस्टमन आला तो घाईतच. कामावर परतायच्या कागदावर डॉक्टरांची सही झाली होती, मावशीची राहिली होती. पाचच्या आत कागद कचेरीत पोचला नाही, तर त्याची फेरी कायमची दुसऱ्याला जाणार आणि हा टेबलामागे शिक्के मारत बसणार. वीस वर्षं पायी हिंडलेला माणूस तो, नुसत्या विचारानेच सुकला होता.

"एकदम फिट आहे मावशी. करा सही."

"जिना उतर. उतरताना तुझ्या मेहुण्याबद्दल सांग."

ही तिची रीत. सपाट फरशीवर कोणीही ऐटीत चालतं. खरं काय ते उतरताना कळतं, तेही तोंड चालू असताना. ती स्वतः पुढे, उलट्या पावली.

"मेहुणा ना... तो आपला..." तिसऱ्या पायरीवर पोस्टमन गप्प झाला. कपाळावर घाम.

"दुखतंय?"

"छे."

तिने त्याला बसवून पाय काढला. गुडघ्याखाली लाल चट्टा.

"माझ्याशी खोटं बोलतोस?"

"तीन वाजलेत, मावशी." त्याचा आवाज पडला होता.

"घड्याळ मलाही दिसतं. गप बस."

तिने त्या काढलेल्या पायाची आतली कड तापवली, दाबली, घासली, बोट फिरवून पुन्हा घासली. सव्वाचारला पोस्टमन परत जिन्यावर, खांद्याला भरलेली पिशवी.

"हं, मेहुणा."

"काय सांगू तुम्हाला. दोन दिवसांसाठी माझी सायकल नेली, त्याला वर्ष झालं. विचारलं तर म्हणतो, कुठली सायकल?"

पोस्टमन तापला. हातवारे सुरू झाले. जिना संपला, अंगण आलं, तरी मेहुणा संपेना. मावशीने भिंतीला कागद टेकवून 'फिट' लिहिलं, खाली सही ठोकली आणि तो त्याच्या हातात दिला. त्याने वाचलं, मागे वळून जिन्याकडे पाहिलं, आणि भर अंगणात ढसाढसा रडू लागला.

"रडणं घरी," मावशी म्हणाली. "आता पळ."