तहसीलदार, दुखरी दाढ आणि अप्पांची पारख

जर्मनीत येनाला येऊन चार वर्षं झाली. प्रबंध आहे तिथेच आहे, किस्से मात्र भरमसाट!

मी, निखिल आणि मुग्धा, तिघंही पीएचडीला. निखिल-मुग्धाचं जमलेलं, फक्त मुग्धाच्या अप्पांचा होकार बाकी. दर रविवारी दुपारी निखिलच्या खोलीत आम्ही जुने फ्रेंच सिनेमे बघतो. संवाद फ्रेंच, खाली अक्षरं जर्मन. वाचेपर्यंत पडद्यावरचा माणूस मरून जातो! म्हणून नुसते चेहरे बघायचे. नटांची नावं जिभेवर बसेनात, तेव्हा आम्हीच बारसं केलं. रुबाबदार मिशीवाला 'तहसीलदार', सदा कण्हल्यासारखा दिसणारा 'दुखरी दाढ'. एकदा मुग्धा ढसाढसा रडत ओरडली, "अरे, दुखऱ्या दाढेला भोसकलं रे!"

*

प्रोजेक्टर निखिलने स्वतः जोडलेला. दोन महिने आम्हाला वाटायचं, फ्रेंच नट सगळे गुबगुबीत गालांचे. मग एकदा लॅपटॉपवर बघितलं, तर वाळलेले बोंबील! भिंगच चुकलं होतं. आणि निखिलच्या पीएचडीचा विषय? भिंगांमुळे चित्रात येणारे दोष!

*

दुखऱ्या दाढेची ती नजर, अर्धे मिटलेले डोळे आणि एक भुवई वर, निखिलने मुग्धावर छाप पाडायला ट्राममध्ये करून बघितली. समोरच्या जर्मन आजी ताडकन उठल्या. "या, बसा इथे. बरं वाटत नाही का?"

*

मग साताऱ्याहून अप्पा आले, निखिलला बघायला. निखिलची भूकच मेली. त्यात अप्पांचा दावा, "चेहरा बघून माणूस सांगतो मी. आजवर चुकलो नाही."

रविवारी तेही सिनेमाला बसले. पाच मिनिटांत तहसीलदाराकडे बोट! "घरंदाज माणूस. जावई असावा तर असा." निखिल मान खाली घालून बसला. तासाभरात तहसीलदाराने दोन बायकांना विष घातलं!

"दुसरा लावा," अप्पा म्हणाले.

दुसऱ्यात त्यांनी एका हसऱ्या टकल्याला 'देवमाणूस' ठरवलं. त्याने सख्ख्या भावाला पोलिसांच्या हवाली केलं. आणि ज्याला ते "अट्टल दरोडेखोर" म्हणाले, तो बिचारा गावचा पाद्री निघाला.

"गेनाऊ, अप्पा! अगदी अचूक," मुग्धा म्हणाली. अप्पा चष्मा काढून पुसू लागले.

*

अप्पा निघाले त्या दिवशी आम्ही स्टेशनवर. निखिल त्यांची बॅग घेऊन उभा. अप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मुग्धे, खरं सांगू? हा मुलगा मला पहिल्या नजरेत अजिबात आवडला नाही. चेहरा एक नंबर लबाड."

मुग्धाच्या डोळ्यांत पाणी आलं.

अप्पांनी निखिलच्या खांद्यावर हात ठेवला. "तेव्हा उडवून द्या लग्नाचा बार!"