मुंडण केलेला संशयित

काही प्रकरणं नोकरीबरोबर संपतात, हे संपलं नाही. आजही आठवलं की संताप येतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी बनारसला पोलीस निरीक्षक होतो. तेव्हा जिल्हा मोठा होता, दक्षिणेकडचे जंगलाचे डोंगरही आमच्याच हद्दीत यायचे. ऐन पावसाळ्यात एका कारखानदाराचं छोटं खाजगी विमान तिथे कोसळलं. ढग कड्यावर टेकलेले असले की अशा विमानाला डोंगर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, असं विमानखात्याच्या अधिकाऱ्याने मला सांगितलं. आम्ही चिखल तुडवत पोचलो, तेव्हा मालकाचा मृतदेह सीटवर होता. वैमानिकाची सीट मात्र रिकामी, पट्टा सोडलेला.

झालं! उचलली जीभ लावली टाळ्याला. मालकाला मरायला टाकून वैमानिक पळाला, अशी मालकाच्या घरच्यांनी तक्रारच दिली.

हा वैमानिक आमच्याच गल्लीतला, घाटावरच्या एका मराठी गुरुजींचा एकुलता मुलगा. गुरुजी ठाण्यात आले.

"तू आपल्यातला, म्हणून विचारतो," ते म्हणाले. "मुलगा गेला असेल तर गेला म्हण. पळसाच्या पानांचा पुतळा करून मी त्याला अग्नी देईन. पण पळाला म्हणू नकोस रे. सून कुंकवाचा करंडा उघडते आणि तसाच मिटून ठेवते."

"गुरुजी, पुराव्याशिवाय मी काहीच म्हणणार नाही," मी म्हटलं. त्यांना कोरडं वाटलं असेल. पण खोटा दिलासा देणारा पोलीस मला तरी आवडत नाही.

अपघाताच्या चौथ्या दिवशी खबऱ्याने बातमी आणली. डोंगरातल्या एका गुराख्याकडे भारी मनगटी घड्याळ होतं. आम्ही त्याला घड्याळासकट उचलून आणलं. घड्याळ वैमानिकाचंच निघालं. माझ्या हाताखालचा दरोगा, म्हणजे आपल्याकडचा फौजदार, खूश.

"सर, डोकं बघा! ओळखू येऊ नये म्हणून मुंडण केलंय. घड्याळासाठी याने खून केलाय."

चौकशी सुरू झाली. घड्याळ कुठून आणलं, या प्रश्नावर गुराखी ढिम्म. डाळ-रोटी दिली, ती त्याने सरकवली आणि बिनमिठाचा भात मागितला. बाकावर बसेना. शिपाई जवळ आला की अंग चोरून म्हणायचा, "छुइए मत." दरोगा म्हणाला, नाटकं करतोय. असा राग आला मला त्या दरोग्याचा! अरे, काशीत नोकरी करतोस, डोळे काय घरी ठेवून येतोस? मी घाटावर वाढलोय. मुंडण केलेला, अळणी खाणारा, वेगळा बसणारा माणूस कोण असतो, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. मी दरोग्याला बाहेर काढलं आणि गुराख्याला विचारलं, "घर में कौन गया?"

"कोई नहीं, साहब."

"मग सुतक कुणाचं पाळतोस?" मी हिंदीतच विचारलं.

तो हुंदके देऊन रडायला लागला. मग सगळं बोलला. विमान पडलं त्या संध्याकाळी त्याला मोठा आवाज ऐकू आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर चढला, तर विमानापासून बराच खाली, ओढ्याजवळ वैमानिक पडलेला. पाय मोडलेला, सरपटत आलेला. एकच बोलत होता, "ऊपर सेठ फँसे हैं, किसी को बुलाओ." गुराख्याने त्याला पाणी पाजलं. त्याच्या मांडीवरच तो गेला. वर सेठही गेलेलेच होते. पोलिसांना का कळवलं नाही? "पुलिस हमही को पकड़ती, साहब." आणि आम्ही पकडलंच की! कोल्ह्यांपासून देह वाचवायला त्याने ओल्या लाकडांवर कसाबसा अग्नी दिला. ज्याच्या हातचं शेवटचं पाणी, त्याच्याच हातची आग, अशी त्यांची रीत.

"आणि घड्याळ?"

"चल रही थी, साहब. चलती घड़ी आग में कैसे डाल देते?"

नुसत्या जबाबावर भागत नाही. त्याला घेऊन आम्ही पुन्हा डोंगर चढलो. उतारावरच्या झुडपात गणवेशाची खांद्यावरची पट्टी अडकलेली होती. राखेत बुटाचं बक्कल मिळालं. अस्थी त्याने मडक्यात भरून झाडाला टांगल्या होत्या, गंगेत सोडायला आणणार होता. पंचनामा झाला, डॉक्टरांनी अस्थी तपासल्या. वैमानिकावरची तक्रार पुढे निकाली निघाली. गुराख्याने न कळवता अग्नी दिला होता, पण वरिष्ठांनी माझा अहवाल वाचून त्याला समज देऊन सोडलं.

गुरुजींकडे जाताना मला धाकधूक होती. ते सोवळ्याचे कडक, आणि अग्नी दिला जंगलातल्या गुराख्याने. मी सगळं सांगितलं. दाराआड सून रडली. निदान आता तिला रडता आलं. गुरुजींनी एवढंच विचारलं, "त्याने सुतक पाळलं?"

"ठाण्यातसुद्धा."

"मग दहाव्याला पिंड तोच देईल. मंत्र मी सांगतो."

संशयिताच्या खिशात काय सापडतं ते आपण पोलीस बघतो. तो काय खात नाही, कुठे बसत नाही, हेही बघायला हवं. हे मी पुढे प्रत्येक नव्या दरोग्याला ओरडून सांगत आलो.

दहाव्याला घाटावर गुराखी बसायलाच तयार नव्हता. गुरुजींनी हात धरून त्याला बसवलं. पिंड देताना मृताशी असलेलं नातं उच्चारावं लागतं. तिथे तो अडला आणि गुरुजींच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बोलो," ते म्हणाले, "मेरे भाई को."