स्क्रूड्रायव्हर कानाला लावून

कॉम्प्युटरची हार्ड डिस्क आठवडाभर करकरत होती आणि माझं डोकं उठलं होतं. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या बाबांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक सीपीयूला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "बेअरिंग गेलंय. आधी आतलं सगळं दुसरीकडे काढून घे."

"बाबा, हे तुमचं लेथ मशीन नाही," मी वैतागून म्हणालो आणि सीपीयूखाली जुनी सतरंजी घडी करून घातली. आवाज कमी झाला, तेव्हा त्यांना बोलावून मुद्दाम ऐकवला.

चौथ्या दिवशी डिस्क बंद पडली. दुकानदारही म्हणाला, बेअरिंगच गेलंय, आता काही निघणार नाही. घरी येईपर्यंत मी स्वतःवरच चरफडत होतो.

बाबांनी एवढंच विचारलं, "तुझ्या आईचे फोटो तेवढे काढून घेतले होतेस ना?"