वजनकाट्याशेजारचा खजूर

शिरूरच्या ज्युदो स्पर्धेत वजनगटात बसावं म्हणून मी आदल्या दुपारपासून उपाशी होते. सकाळी वजन झाल्या झाल्या आमच्या सरांनी तुपातला शिरा पुढं केला. मी डबाभर खाल्ला आणि पहिल्याच लढतीत जड पायांनी आपटले.

दौंडला घरी आल्यावर अम्मी चिडली. "रोजा सोडताना असं कुनी खातं व्हय? आधी खजूर, पानी, मग दमानं जेवन. मला इचारायचं न्हाई?"

पुढच्या वर्षी तिचंच ऐकलं. चार लढती जिंकले, आणि चौथीनंतरही पायांत दम होता.

आता सर वजनकाट्याशेजारीच खजुराचा डबा ठेवतात. नव्या मुलींना बजावतात, "हिच्या अम्मीला विचारल्याशिवाय काही खायचं नाही."