मी बेशुद्ध नव्हतो

त्या वर्षी आमची पलटण काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेवर होती. आमची पोस्ट साडेअकरा हजार फुटांवर. मी नाईक दानियल साळवे, राहणार पुलगाव. माझा बडी लान्स नाईक गजानन ढोले, राहणार तळेगाव (श्यामजी पंत). फौजेत प्रत्येक जवानाला एक बडी नेमून दिलेला असतो. ड्युटी, जेवण, झोप सगळं जोडीनं. एक कुठे आहे हे दुसऱ्याला माहीत नसेल तर दोघांनाही शिक्षा. आम्ही दोघं वर्धा जिल्ह्यातले निघालो हा योगायोग, पण त्यामुळे घरची बोली बोलायची सोय झाली. आमचं बोलणं बाकीच्यांना अर्धंच कळायचं आणि त्याचा आम्ही पुरेपूर फायदा घ्यायचो.

दिवस ठरलेला असे. 0500 ला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर हजर. मग चहा, शस्त्रं साफ, पेट्रोलिंग. निघण्याआधी मी पाच मिनिटं बाजूला जाऊन प्रार्थना करायचो. गजानन तोवर माझी रायफल धरून उभा राहायचा आणि मी आलो की विचारायचा, "काय बे पाद्री, माह्यं नाव घेतलं का?"

"घेतलं."

"पूरं घेतलं ना? तुह्या देवाच्या रजिस्टरमंदी गजानन लय असतीन. गावासकट सांगत जाय. वरतून मदत धाडली अन् ती शेगावच्या गजाननाले पोचली तं?"

तेव्हापासून मी त्याचं नाव रँक आणि गावासकट घ्यायला लागलो. देवाला रिपोर्ट दिल्यासारखं वाटायचं, पण तो खूष असायचा.

बर्फ वितळायचे दिवस मला आवडत नसत. वितळणाऱ्या पाण्याबरोबर उताराची माती सरकते आणि मातीबरोबर जुने माइन, म्हणजे पेरलेले सुरुंगही सरकतात. नकाशावर एका जागी असलेला माइन प्रत्यक्षात दुसरीकडेच असतो. म्हणून ड्रिल कडक. स्फोट झाला की सगळ्यांनी आहे त्या जागी गोठायचं. इंजिनियरची पार्टी सळईनं जमीन टोचत वाट करील, तोवर कोणी जखमीकडे जायचं नाही. जखमीनं कोणाला बोलवायचं नाही. नव्या पोरांना हे ड्रिल मीच शिकवायचो. शेवटचं वाक्य मी दोनदा म्हणून घ्यायचो.

त्या दिवशी 0610 ला आम्ही आठ जण निघालो. कमांडर आमचे नायब सुभेदार साहेब. परतताना मी तिसरा, गजानन चौथा. 0940 ला, रोजच्या वाटेवर, माझ्या डाव्या पायाखाली स्फोट झाला. मी वाटेवरून खाली फेकला गेलो. बूट दिसला नाही. गुडघ्याखाली काहीच दिसलं नाही.

"फ्रीज! कोई हिलेगा नहीं!" साहेब ओरडले. मग रेडिओवर, "ब्राव्हो टू. माइन ब्लास्ट. कॅज्युअल्टी वन. ओव्हर."

"रॉजर. इंजिनियर पार्टी निकल रही है. चालीस मिनट. जहाँ हो वहीं रुको. ओव्हर."

चाळीस मिनिटं मी ऐकली. रक्त किती वेगानं जातंय ते मला दिसत होतं. चाळीस मिनिटं पुरणार नाहीत एवढा हिशेब त्या अवस्थेतही जमला. गजानन वीस पावलांवर उभा होता. माझ्याकडे बघत होता.

मी हाक मारली. "गजा!"

तो हलला नाही. हुकूम होता.

मी दुसऱ्यांदा मारली. "गजा, मले सोडू नको रे!"

साहेब ओरडले, "ढोले, रुक!" पण तो निघाला होता. एक एक पाऊल बघून टाकत आला. माझ्या मांडीला पट्टा आवळला, काठी घालून पिळला, रक्त थांबलं. "आलो न बे. आता चूप राह्य," म्हणाला. मला उचलायला चांगली जागा मिळावी म्हणून तो एक पाऊल मागे सरला. तिथे दुसरा माइन होता. तेव्हा 0952 झाले होते. माझा उजवा कान तेव्हापासून बंद आहे.

इस्पितळात शुद्धीवर आलो तेव्हा सुभेदार साहेब खाटेशी बसले होते. चौकशी सुरू झाली होती.

"साळवे, स्फोटानंतर तू बेशुद्ध होतास. मी तसंच लिहून दिलंय."

"साहेब, मी..."

"बेशुद्ध होतास. आधीच एक पोरगा गेलाय. तुला आता बरं व्हायचंय."

ते दयेनं म्हणाले यात मला शंका नाही. मी "जी साहेब" म्हणालो आणि पुढे जबाबातही तेच दिलं.

पुण्यात पाय बसवला, मेडिकल बोर्डानं घरी पाठवलं. पुलगावला आलो. बसवलेला पाय चांगला होता. त्रास गेलेल्या पायाचा होता. नसलेल्या अंगठ्याला खाज यायची आणि खाजवायला काही नसायचं. एका जागी बसणं होईना. ओसरीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मी फेऱ्या मारायचो. बायको एस्तर नर्स आहे, तिनं बरेच दिवस काढले. मग एकदा म्हणाली, "काऊन फिरून राह्यले असे? कोनाची वाट पाहून राह्यले का?" मी चिडून कुबडी फेकली. ती तिनं उचलून जागेवर ठेवली आणि ड्युटीवर निघून गेली.

भेटायला येणारे चर्चच्या मंडळीतले लोक बायबलमधले दाखले देत. देवाशी झगडून जो लंगडत चालला त्याची गोष्ट मी त्या वर्षी इतक्यांदा ऐकली की समोरचा खुर्चीत बसायच्या आतच मला ती येत आहे हे कळायचं. पाळकसाहेबांनी मात्र काम दिलं. "दानियल, उपासनेत साक्ष द्या. लोकांना धीर येईल." आमच्याकडे उभं राहून देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायची रीत आहे. मी सांगितलं. स्फोट झाला, मी बेशुद्ध झालो, डोळे उघडले तेव्हा जिवंत होतो, प्रभूनं मला राखलं. बाया डोळे पुसत. मग हिंगणघाट, आर्वी, वर्धा, ठिकठिकाणच्या मंडळ्यांतून बोलावणी यायला लागली. लोक म्हणत, बघा, दानियलला जगण्याचं काम सापडलं. मी घरी येऊन ओसरीवर फेऱ्या मारायचो. प्रार्थनेत गजाननचं नाव घेणं मी सोडून दिलं होतं. गावासकट तर नाहीच.

दरवर्षी त्या तारखेला मी तळेगावला जायचो. गजाननचे वडील ढोले गुरुजी, निवृत्त हेडमास्तर. संत्र्याची थोडी झाडं, टापटीप घर. मला पोटभर जेवू घालायचे. पहिल्याच वर्षी त्यांनी कमांडिंग ऑफिसरचं पत्र दाखवलं. पत्र गौरवाचंच होतं. पण त्यातल्या एका वाक्याखाली गुरुजींनी लाल पेन्सिलीनं रेघ ओढली होती. "थांबण्याचा हुकूम असूनही ते पुढे गेले."

"शाळेतबी असाच होता," गुरुजी म्हणाले. "उभा राह्य म्हटलं का पळे. आयुष्यभर पोट्ट्यानं कोनाचं आयकलं नाई. आयकलं असतं तं आज असता."

मी खाली मान घालून जेवलो. तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो असतो तर ह्या घराचं दार मला बंद होईल अशी भीती वाटली. गजाननचं म्हणून माझ्याकडे तेवढं एक घरच उरलं होतं. असं सात वर्षं चाललं.

आठव्या वर्षी, एका रविवारी, गुरुजी स्वतः पुलगावला आले. आर्वीला गाडी बदलून, न कळवता. मी साक्ष देतो हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. आमच्या चर्चमध्ये चपला घालूनच आत येतात. गुरुजींनी त्या दाराशी काढल्या, टोपी सारखी केली आणि शेवटच्या बाकावर हात जोडून बसले. आपल्या मुलाबद्दल काय सांगतात ते त्यांना ऐकायचं होतं.

त्या दिवशीचा शास्त्रपाठ मंदिरात झोपलेल्या लहान मुलाचा होता. तो हाक ऐकतो, उठतो आणि धावत जातो. तीन वेळा. पाठ वाचायला मीच होतो. तिसऱ्या हाकेपाशी मी थांबलो. पुस्तक मिटून मी साक्षीला उभा राहिलो. स्फोट झाला, म्हणालो. पुढचं वाक्य तोंडपाठ होतं. ते आलं नाही.

"मी बेशुद्ध नव्हतो," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. ड्रिल, चाळीस मिनिटं, दोन हाका. सात वर्षं ह्याच जागेवर उभं राहून खोटं बोललो तेही सांगितलं. कोणी डोळे पुसले नाहीत. पाळकसाहेब चष्मा पुसत राहिले. मी बाकाला धरून दारापर्यंत गेलो.

गुरुजी बाहेर येऊन पायरीवर बसले होते.

"किती डाव हाक मारली?"

"दोनदा."

"पयल्या हाकेले नाई आला?"

"नाही. थांबायचा हुकूम होता. थांबला."

गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे आयकलं त्यानं. एकडाव आयकलं." आणि रडायला लागले. मी हात पुढे केला तो त्यांनी झटकला. "सात वर्सं माह्या घरी जेवून गेला तू, दानियल. सात वर्सं मी माह्या मेलेल्या पोट्ट्याले बोल लावला अन् तू भाकर मोडत राह्यला."

एस्तरनं पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. चपला घातल्या आणि स्टँडकडे चालू लागले.

मी सुभेदार साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मोकळा झालास ना? मीही होतो आता." मी पलटणीला माझा नवा जबाब लेखी पाठवला. साक्षीची बोलावणी थांबली. तळेगावहून काही कळलं नाही. त्या वर्षी ती तारीख मी घरीच काढली. एस्तर म्हणाली, "फेऱ्या कमी झाल्या तुमच्या." खरं होतं, पण बंद झाल्या नव्हत्या.

संत्र्याचा बहार उतरत होता तेव्हा एका सकाळी फोन आला.

"गुरुजी बोलून राह्यलो." आवाज कोरडा होता. "आमच्या गावात मारोतराव हाये. शुगरनं पाय कापला त्याचा. दोन महिने झाले, भिताडाकडे तोंड करून पडला हाये. बायकोले म्हणते, मले मरू दे. मले काई जमत नाई त्याच्याशी बोलाले." मग म्हणाले, "येतं का?"

मी पाच मिनिटं प्रार्थना केली, गजाननचं पूर्ण नाव घेऊन. साइड व्हील लावलेली स्कूटर काढली आणि आर्वीमार्गे पावणेदोन तासांत पोचलो. गुरुजी फाट्यावर उभे होते. स्कूटरवर मागे बसले.

मारोतराव म्हणजे साठीचा माणूस. मी पँट वर केली, माझा पाय काढून त्याच्या खाटेवर ठेवला. तो पहिल्यांदा ह्या कुशीवर वळला. कापून उरलेल्या पायाला पट्टी कशी बांधायची ते दाखवलं, तिरकी, खालून वर. अंगठ्याला खाज येते का विचारलं. तो दचकला. "तुमालेबी येते? मले वाटलं डोस्कं फिरलं माह्यं." मग आपल्या पायाकडे बघत म्हणाला, "तुमी कसे उठले जी? कोनी उठवलं तुमाले?"

पूर्वी ह्या प्रश्नाला मी देवाचं नाव सांगायचो. ते आजही सांगीन. पण देवानं ज्याला पाठवलं त्याचं नाव मी सात वर्षं गाळलं होतं.

गुरुजी दारात उभे होते.

"लान्स नाईक गजानन ढोले," मी म्हणालो. "तळेगाव, श्यामजी पंत. मी हाक मारली, तो आला."